वरून यावं लागतं

उन्हाळा अर्धाही सरला नव्हता आणि विहिरीच्या चौदा पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. गेल्या साली याच दिवसांत सहा होत्या. सकाळी मोटर सुरू करायला गेलो की मी पायऱ्या मोजतो. मोजून पाणी वाढत नाही हे मलाही कळतं, पण सवय लागली ती लागली.

आमची रोपवाटिका लिंबाच्या जातीतल्या झाडांची. लिंबू, संत्रं, मोसंबी, पपनस. जंगली लिंबाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीत चाकूनं चीर पाडायची, चांगल्या झाडाचा एक डोळा, म्हणजे फुटायचा कोंब, काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. याला आम्ही डोळा बांधणं म्हणतो. मी पिशव्यांत माती भरतो, पाणी देतो, ओझी वाहतो. डोळे बांधते ती ही, माझी बायको. दिवसाला तीनशे बांधते आणि शंभरातले पंच्याण्णव फुटतात. मुकादम म्हणतो, हिचा हातगुण आहे. मी तिची मान बघतो. ती सकाळपासून दिवस कलेपर्यंत वाकलेली असते. हातगुण मानेतून येत असावा.

त्या वर्षी रोपवाटिका नव्या मालकांकडं गेली आणि त्यांनी कारभार बघायला एक बाई पाठवल्या. बाईंनी पायऱ्या मोजल्या नसतील, पण पाणी त्यांनाही दिसत होतं. एका सकाळी त्यांनी आम्हाला हिरव्या जाळीच्या सावलीत उभं केलं आणि सांगितलं, "एवढ्या पाण्यात अर्धेच वाफे जगतील. महिनाअखेर कामगारांच्या तीन खोल्यांपैकी एकच ठेवायची आहे. जो वही सांभाळेल त्याला ती खोली आणि बारमाही काम. वही इंग्रजीत राहील. रोपं आता लांब जाणार, तिकडं आपली भाषा चालत नाही. कुठल्या वाफ्यात काय केलं, काय चाललंय, पुढं काय करणार, हे रोज लिहायचं आणि कोणी विचारलं तर तोंडानं सांगायचं. शेवटच्या दिवशी मी परीक्षा घेईन."

मधल्या खोलीतला झारीवाला दहावीपर्यंत शिकलेला. तो तिथंच गालात हसला. पलीकडच्या खोलीतल्यांनी त्याच आठवड्यात बोचकी बांधली. मला काळजी होती ती आईची. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ती दाराजवळच्या खाटेवर आहे. तिला घेऊन आम्ही कुठं जाणार होतो? धरून बसवायची, धरून निजवायची. ट्रकच्या वाटेतल्या एका खड्ड्यानं तिचा जीव गेला असता.

संध्याकाळी हात धुताना ही म्हणाली, "मी शिकते."

"काय शिकतेस?"

"इंग्रजी."

"अगं, तुझी सातवी झाली त्याला बावीस वर्षं झाली."

"झाली ना? मग कुठं जाते? आहे की."

रद्दीवाल्याकडून तिनं एक इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आणलं. पुठ्ठा गेलेला, शेवटची पानं उंदरांनी कोपऱ्यात चाखलेली. अर्थ मराठीत दिले होते, तेवढं बरं होतं. पहिले दोन दिवस वाक्यं सुरळीत गेली. तिसऱ्या दिवशी क्रियापदांचा तक्ता लागला आणि गाडी रुतली. एकेका शब्दाचे तीन-तीन रकाने. हिला अक्षरं लागत होती, पण उच्चार सांगणार कोण? झारीवाल्याला विचारायला ती जाणार नव्हती.

"गो," ती म्हणाली. "हे लागलं. जाणे. पुढचं हे... वे... वेनट? आणि हे गोने?"

"गोणी असेल," मी म्हटलं. मी दिवसभर गोण्याच वाहतो.

ती हसली नाही. खाटेवरून आईचं पुटपुटणं ऐकू येत होतं. उन्हाळ्यात ती अशी पुटपुटते, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. आवाज हळूहळू वाढत गेला. लय होती त्याला. तिचा उजवा हात खाटेच्या कडेवरून खाली लोंबत होता आणि लयीत डावीउजवीकडं हलत होता.

"बिगिन, बिगॅन, बिगन. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. ब्रिंग, ब्रॉट, ब्रॉट. कम, केम, कम. इट, एट, ईटन. गिव्ह, गेव्ह, गिव्हन." ती दम घ्यायला थांबली. "गो, वेंट, गॉन. गॉन म्हण पोरी. गोणी नव्हे."

माझ्या हातातला तांब्या हातातच राहिला. ही पुस्तकावर बोट ठेवून बसली होती आणि आईकडं असं बघत होती, जणू आई पहिल्यांदाच घरात आली आहे.

आई शाळेत झाडायला होती. सव्वीस वर्षं. एवढं मला ठाऊक होतं. लहानपणी मी तिच्याबरोबर जायचो आणि व्हरांड्याच्या टोकाला बसायचो. त्या व्हरांड्यात रोज एका वर्गाचं पाठांतर चालायचं आणि बाहेर आईचा झाडू चालायचा. हे दोन्ही मी ऐकलेलं आहे. माझ्या कानांतून ते या बाजूनं येऊन त्या बाजूनं गेलं, तिच्यात ते राहिलं. तिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. पगाराला अंगठा लावायची.

"आई," हिनं विचारलं, "आणि टेक?"

"टेकबिक असं मधूनच येत नाही मला. वरून यावं लागतं." आईनं पुन्हा हात खाली सोडला आणि बिगिनपासून सुरुवात केली. होल्ड झालं, कीप झालं, नो झालं, राइट-रोट-रिटनसुद्धा मध्येच येऊन गेलं, कारण मास्तर ते आधी घ्यायचे म्हणे. आणि "स्पीक, स्पोक, स्पोकन" म्हणून ती थांबली.

"पुढं?"

"पुढं नाही. पुढं घंटा व्हायची. मुलं धावत बाहेर, आणि मी झाडू घेऊन आत."

"पण याचा अर्थ काय, आई?"

"मला काय माहीत? मला वाटायचं मुलांची नावं आहेत ती. ब्रिंग नावाचा एखादा असेल." मग तिनं मान पुस्तकाकडं वळवली. "तुझ्या पुस्तकात आहे का गं अर्थ?"

तेव्हापासून त्या दोघींची देवाणघेवाण सुरू झाली. आई उच्चार द्यायची, ही अर्थ द्यायची. आईचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. सव्वीस वर्षं जे बंद डबे तिनं वाहिले होते, त्यांची झाकणं आता एकेक करून निघत होती. "सिंग-सँग-संग म्हणजे गाणं? बघ, आणि मी ते म्हणताना कधी गायले नाही." "फर्गेट म्हणजे विसरणं? आणि ते मी विसरले नाही." ती हसायची आणि मग खुब्यात कळ येऊन कण्हायची. मला मात्र हसू येत नव्हतं. आईच्या डोक्यात एवढं सामान आहे आणि मी तिला फक्त जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच विचारत आलो, याची मला लाज वाटत होती.

कामावर पुस्तक नेता येत नाही. दोन्ही हात चाकू-पट्टीत. हिनं तोड काढली. प्रत्येक रोपाला आम्ही पांढऱ्या प्लास्टिकचं लेबल बांधतो, त्यावर जातीचं नाव इंग्रजीत लिहितो. लिहिताना चुकलेली लेबलं टाकून देतात. ती तिनं गोळा केली आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर क्रियापदं लिहिली, प्रत्येकावर तिन्ही रूपं. वाफ्याच्या तोंडच्या रोपाला एकेक लेबल अडकवायची आणि डोळे बांधत सरकताना तेच घोकायची. ज्या वाफ्यात गेल्या महिन्यात डोळे बांधले, तिथं झालेलं बोलायचं. जिथं हात चालू आहेत, तिथं चालू असलेलं. जिथं जंगली रोपांचे खुंट अजून बारीक आहेत, तिथं पुढचं. मी माती भरताना ऐकायचो. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण तीन वाफ्यांतून तिचा आवाज तीन तऱ्हांनी यायचा.

एकदा दुपारी जाळीखाली भाकरतुकडा खाताना तिनं मला विचारलं, "अहो, करणे. काल काय?"

"केलं."

"आज?"

"करतो."

"उद्या?"

"करीन."

"जाणे?"

"गेलो, जातो, जाईन." मला गंमत वाटू लागली. "मी सकाळी गेलो असतो, पण तू जाऊ दिलं नाहीस, म्हणून आता जायला लागणार."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं? 'जा'चं 'गेलो' होतं, हे कुठल्या तक्त्यात वाचलंत?"

मी तोंडातला घास तसाच ठेवून बसलो. खरंच, कुठं वाचलं? मी दुसरी नापास. 'जा' आणि 'गेलो' यांत एक अक्षर सारखं नाही, तरी आयुष्यात मी एकदाही 'जालो' म्हणालो नाही. मुकादम बोलतो, झारीवाला बोलतो, गाडीवर भाजी विकणारी बोलते, सगळे हे काळ कसे झेलत चालले आहेत आणि कुणालाच ठाऊक नाही. त्या दिवशी दुपारभर मी माती भरता भरता स्वतःशीच बोलत होतो आणि स्वतःचंच ऐकत होतो. संध्याकाळी मी आईला विचारलं, "हे मी कुठं शिकलो असेन गं?"

"माझ्या मांडीवर, गाढवा," आई म्हणाली. "आणि दुसरीकडं कुठं?"

परीक्षेला आठ दिवस उरले होते तेव्हा मी घाण केली. लांबच्या एका मोठ्या बागेसाठी रोपं जायची होती. ऊन चढण्याआधी ट्रक भरायचा म्हणून मुकादम ओरडत होता. शेवटची एकशे दहा रोपं बिनलेबलाची राहिली होती, चारही जातींची, एकाच वाफ्यातली. ही दुसऱ्या टोकाला होती. तिच्या पिशवीत लेबलांचे दोन गठ्ठे होते. मी एक काढला आणि भराभर बांधत गेलो. माझ्या लेखी इंग्रजी म्हणजे सगळ्या मुंग्याच. गठ्ठा संपला तेव्हा ऐंशीच झाली होती, म्हणून दुसऱ्यातली तीस घेतली. तीही अंदाधुंदच. वेळेत ट्रक भरला म्हणून मुकादमानं माझी पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांना कचेरीत बोलावलं. टेबलावर एक लेबल होतं. ते बघून हिचा चेहरा उतरला.

"बागेचा माणूस विचारतोय," बाई म्हणाल्या, "की फर्गेट-फर्गॉट-फर्गॉटन हे कुठलं फळ, आणि ते कधी लागतं."

झारीवाला दारात पाणी मारत होता. तो खो-खो हसला आणि मुकादमानं त्याला हाकललं. ही म्हणाली, "अक्षर माझं आहे. चूक माझी."

"बांधली मी," मी म्हटलं. "हिला माहीतही नव्हतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, बाई." हे चारचौघांत सांगणं जड गेलं, पण सांगितलं.

बाईंनी कपाळ चोळलं. "एकशे दहा रोपं. कुठलं काय, कुणाला कळत नाही. ती परत आणली तर या उन्हात वाटेतच मरतील. आणि ते म्हणतात, पुढची मागणीही रद्द. तसं झालं तर एकही खोली राहणार नाही."

"मला तिथं न्या," ही म्हणाली. "मी ओळखते."

दुसऱ्या सकाळी आम्ही ट्रकच्या हौद्यात रिकाम्या पोत्यांवर बसून गेलो. बाई पुढं बसल्या. बागेच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली रोपं एका घोळक्यात ठेवली होती, पानं मलूल. बागेचा माणूस उंच, रुंद कडेची टोपी घातलेला. त्याला आमची भाषा येत नव्हती. त्यानं हातानंच दाखवलं, ही बघा तुमची रोपं.

हिनं पदर खोचला आणि पहिल्या रोपापाशी उकिडवी बसली. एक पान चिमटीत धरलं, त्याच्या देठाकडं बघितलं. त्या देठाला बारीक पंख असतात. पपनसाला मोठे, मोसंबीला लहान, संत्र्याला असून नसल्यासारखे. मग पान चुरगळून नाकाशी नेलं. "मोसंबी," ती म्हणाली आणि मी रोप उचलून डावीकडं ठेवलं. दुसरं. "लिंबू." तिसरं. पन्नासाव्या रोपापर्यंत तिची बोटं हिरवी झाली आणि वास एकमेकांत मिसळायला लागले. तिनं बोटं मातीत घासली, पाण्यानं धुतली, पुन्हा सुरू केलं. टोपीवाला आधी खांबाला टेकून उभा होता, मग जवळ आला. त्यानं लावून झालेली पाच-सहा रोपं गुपचूप उचलून तिच्यापुढं परत ठेवली. तिनं ती हुंगली आणि जिथली तिथं पाठवली. मान वर करून बघितलंही नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दोन तासांनी चार रांगा लागल्या. टोपीवाला तिला काहीतरी विचारू लागला. बाई मध्ये बोलायला पुढं झाल्या, तेवढ्यात हिनं हात वर केला. उत्तर ती देणार होती.

ती उभी राहिली. काही क्षण नुसती उभी. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाई माझ्याकडं बघत होत्या. मग माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडं गेलं. मांडीजवळ तो हात डावीउजवीकडं हलत होता, अगदी हळू. ती वरून येत होती. तिला हवा तो शब्द गाठायला तक्त्याच्या पहिल्या ओळीपासून निघाली होती.

तो शब्द आला आणि ती बोलली. एक वाक्य. पुन्हा थांबली, पुन्हा हात हलला, दुसरं वाक्य. मला त्यातलं काही कळलं नाही. बाईंनी नंतर सांगितलं ते असं: 'हे डोळे मी गेल्या पावसाआधी बांधले. रोज मी यांच्यात बसते. मी यांना ओळखते, कारण प्रत्येकाला माझा हात लागला आहे. लेबलं चुकली. पुन्हा चुकणार नाहीत.' झालेलं, चाललेलं, होणारं, तिन्ही वाफे. बाईंनी हे पुढं सांगितलं, पण मी तेव्हाच हललो होतो. पत्र्याच्या त्या शेडमध्ये, परक्या माणसासमोर, परक्या भाषेत मला आईचा झाडू ऐकू येत होता. ओळीनं, न चुकता, भिंतीपासून दारापर्यंत. माझे डोळे भरून आले आणि मी पिशव्या सरळ करायच्या निमित्तानं खाली वाकलो.

टोपीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या थांबण्यालाही तो थांबला, घाई केली नाही. मग बाईंशी दोन शब्द बोलला, रोपं ठेवून घेतली आणि पुढची मागणीही कायम ठेवली.

परतताना बाईंनी विचारलं, "तुला शिकवलं कुणी?"

"सासूबाईंनी."

"कुठल्या शाळेत आहेत?"

"होत्या. झाडायला."

मागं हौद्यात न बसवता बाईंनी हिला पुढं आपल्या शेजारी बसवलं. मी एकटाच पोत्यांवर आलो आणि त्याचं मला फार बरं वाटलं.

परीक्षा काही चुकली नाही. शेवटच्या दिवशी दोघांनाही लिहायला बसवलं. झारीवाल्याचं अक्षर मोत्यासारखं आणि चूक एकही नाही. हिच्या आठ ओळींत दोन चुका होत्या. मग बाईंनी दोघांना वाफ्यांतून फिरवलं आणि विचारलं, इथं काय केलं आहे? झारीवाला म्हणाला, पाणी घातलं आहे. सगळीकडं तेच म्हणाला, कारण त्यानं तेच केलं होतं. हिनं मात्र प्रत्येक वाफ्याचं वेगळं सांगितलं आणि वही हिच्याकडं आली. झारीवाला मनाचा चांगला. जाताना आपली पितळी तोंडाची झारी आमच्या दाराशी ठेवून गेला आणि म्हणाला, "वहिनी, आता फर्गेट करू नका." आम्ही तिघंही हसलो. त्याची रिकामी खोली मात्र मला पुढं किती दिवस बघवली नाही.

त्या संध्याकाळी वही घरी आली. लांबडी, निळ्या कापडाच्या पाठीची. आईनं ती मांडीवर घेतली, पानांवरून हात फिरवला, हुंगली. मग म्हणाली, "ते पुस्तक आण गं. घंटेच्या पुढचं वाच. मला कधीच ऐकायला मिळालं नाही."

ही खाटेशी बसली. पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. आता उच्चार तिचे तिला लागत होते.

"स्पीक, स्पोक, स्पोकन."

"ते झालं. पुढं."

"स्पेंड, स्पेंट, स्पेंट. खर्च करणे. स्टँड, स्टूड, स्टूड. उभं राहणे." आई प्रत्येक ओळ हळूच म्हणून बघत होती. "स्टील, स्टोल, स्टोलन. चोरणे." मग ही थांबली. अर्थाच्या रकान्यावर तिचं बोट तसंच राहिलं.

"काय गं? उंदरानं खाल्लं का?"

"नाही. आहे. स्वीप, स्वेप्ट, स्वेप्ट."

"स्वीप, स्वेप्ट, स्वेप्ट," आई म्हणाली. "म्हणजे?"

"झाडणे, आई. केर काढणे."

बाहेर मोटर बंद होती, विहिरीच्या सोळा पायऱ्या उघड्या होत्या आणि दारातून संध्याकाळचं ऊन आईच्या पायांपर्यंत आलं होतं. तिचा उजवा हात खाटेच्या कडेवरून खाली उतरला.

"म्हणजे मी होते त्यात," ती म्हणाली. "चार ओळी पुढं होते."

मग तिनं हिला पुस्तक मिटायला लावलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. बिगिन, बिगॅन, बिगन. आम्ही दोघं खाली बसून ऐकत होतो. हात हलत होता, ओळी येत होत्या, स्पीक-स्पोक-स्पोकन आलं, आणि त्या दिवशी ती थांबली नाही.